मुंगसाची विजार

९ जून

चि. पोरी,

'चि.' लिहून झाल्यावर 'सौ.' लिहायला हात आपोआप पुढे गेला आणि तिथेच थांबला. आता ते लिहिता येत नाही हे डोक्याला कळतं, हाताला अजून कळत नाही. तेव्हा नुसतं पोरी. चालवून घे.

तुझं खोकं काल पोचलं. अडीच वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. पत्त्यावर माझं नाव आणि खाली 'शिवणकाम' असं लिहिलंस. म्हणजे खोकं सासूला आलेलं नाही, शिंपिणीला आलंय. बरोबरच आहे. माझ्या मुलाशी काडीमोड झाल्यावर तू माझी कोण लागतेस, ह्याला आपल्या भाषेत शब्द नाही. पण शिंपिणीला काम पाठवायला नातं कशाला हवं?

चिठ्ठी चार ओळींची. "बाहुल्यांचा चित्रपट करतोय. प्राण्यांचं गाव आहे, सगळे दोन पायांवर चालतात, कामधंदा करतात. कपड्यांचं काम माझ्याकडे आहे आणि एकही कपडा धड बसत नाही. बघाल का?" वर 'आई' नाही, खाली 'तुमची' नाही. आत सहा चित्रं आणि मऊ कागदात गुंडाळलेलं एक मुंगूस.

मुंगूस टेबलावर उभं केलं. हातभर उंच, प्रत्येक सांध्यात वाकतं, नाकाला हात लावला तर नाकही हलतं. किती वेळ मी नुसती त्याचे गुडघे वाकवत बसले होते, विचारू नकोस. मग विजार पाहिली. कुणी शिवली गं ती? रेशमी, उभ्या रेघांची, दिसायला झकास. पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मागे शेपटीला गोल भोक! शेपूट म्हणजे काय सुईतला दोरा आहे, रोज सकाळी ओवत बसायला? दोन पाय आणि एक शेपूट, तीन गोष्टी एका वेळी तीन भोकांत घालायच्या, तोवर गावातली सगळी कामं खोळंबली.

भोक नको, चीर हवी. मागे कमरेपासून सरळ खाली, शेपटीच्या मुळापर्यंत. विजार चढवायची, शेपूट चिरेत बसवायची आणि शेपटीच्या वरून आडवी पट्टी आणून दोन बटणं लावायची. तान्ह्या बाळाचं झबलं मागून बंद करतो तसं. आणि शेपूट कुठून निघते ते नीट बघ. ढुंगणाच्या मधून नाही निघत, पाठीचा कणाच पुढे चालू राहतो. म्हणून मागची उंची कमी ठेवायची, नाहीतर बसल्यावर सगळी विजार वर ओढली जाते.

आता मला एवढं कळव, हे मुंगूस पोटासाठी करतं काय? कोण काय काम करतो ते कळल्याशिवाय मी कात्री उचलत नाही, हे तुला माहीत आहे.

तब्येत जपतेस ना? जेवणाच्या वेळी जेवतेस ना? हे शिंपिणीने विचारायचं नसतं, पण विचारलं.

आशीर्वाद.


२१ जून

चि. पोरी,

गॅरेज! मग आधीच नाही का सांगायचं? मेकॅनिकांचे डगले शिवण्यात माझी तीस वर्षं गेली. गाडीखाली पाठीवर सरपटणाऱ्याला मागे खिसा नको, बटण नको, बक्कल नको. टोचणारं जे काही असेल ते पुढे किंवा बाजूला. म्हणजे मी सुचवलेली बटणाची पट्टी बाद, मीच चुकले. पट्टीला नाडी लाव आणि ती कमरेच्या बाजूला आणून बांध. पान्यासाठी खिसा मांडीवर, तोही तिरपा, म्हणजे आडवं झालं तरी पाना घसरत नाही.

तू लिहिलंयस की घाईत असला की तो चार पायांवर धावतो आणि पाठीवर कपडा ताणून टाके तटातट तुटतात. ह्याच्यावर मी दोन दिवस विचार केला. उभ्या माणसाचं माप घेतलंय, ओणव्याचं घेतलंय. चार पायांवर धावणाऱ्याचं कुणी घेतलंय? शेवटी शेजारच्या मास्तरीणबाईंचं मांजर आणवलं. त्यांनी पुढून धरलं, मी टेप घेऊन मागून. बसलेलं असताना मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत बारा इंच भरलं. सोडल्यावर त्याने अंग ताणून आळस दिला, तेव्हा पंधरा! तीन इंच कापड आणायचं कुठून?

"मांजराला कोट शिवताय की काय?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मांजराला कशाला? मुंगसाला."

"असं होय," म्हणाल्या आणि मांजराला घेऊन शांतपणे घरी गेल्या. इतकी वर्षं शाळेत काढल्यावर माणसाला कशाचंच नवल वाटत नसावं.

तर तीन इंच असे लपवायचे. खांद्यापासून कमरेपर्यंत पाठीवर दोन खोल चुण्या. उभा राहिला की मिटतात, धावला की उघडतात. बगलेत एकेक चौकोनी कळी, तेवढाच जादा तुकडा. आसनातही एक. कापड मात्र रेशमी नको. खूप धुतलेला जुना रुमाल घे. एवढ्याशा अंगावर नवं कापड पुठ्ठ्यासारखं उभं राहतं.

रविवारी साहेब आला होता. (तू आणि मी मिळून माझ्या लेकाला साहेब म्हणायचो, ते नाव मी मोडलेलं नाही. तो आता गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहतो, रविवारी माझ्याकडे जेवतो.) त्याला टेबलावर मुंगूस दिसलं. उचललं, पंजा वर केला, खाली केला, होतं तसं ठेवलं.

"हे कुणाचं?"

"कामाचं आहे."

जाताना दारात म्हणाला, "ती बरी आहे ना?" मी म्हटलं, बरी असावी. मांजराने ओरबाडलेल्या हाताला त्याने औषध लावून दिलं आणि गेला.

तुझं मशीन माझ्या मशीनसमोर होतं तिथेच आहे. तेल घालते अधूनमधून.

आशीर्वाद.


४ जुलै

चि. पोरी,

तुझं आठ पानांचं पत्र! तीनदा वाचलं. अगं, तू पहिल्यासारखी प्रश्नावर प्रश्न विचारायला लागलीस की मला दहा वर्षं कमी झाल्यासारखी वाटतात. आठवतं, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात माझ्यासमोर स्टूल ओढून बसलीस आणि विचारलंस, "बाहीचा मुंढा गोलच का कापायचा?" सासूला असं कुणी विचारतं? मला राग येणार होता, पण उत्तर माहीत नव्हतं म्हणून आला नाही.

आधी साळींदरबाई. नर्स आहेत, एप्रन तर हवाच, आणि पाठीवर काटे. काट्यांवर कापड घालायचं नाही. कितीही जाड घेतलंस तरी चाळण होणार. मी एकदा दवाखान्यातल्या एका वॉर्डबॉयला शिवून दिलं होतं, त्याची पाठ भाजली होती. पाठीला चिंधीसुद्धा लागू द्यायची नव्हती आणि माणूस कामावर तर नीटनेटका दिसायला हवा. तेच साळींदरबाईंना लागू पडतं. एप्रन फक्त पुढून. गळ्यामागे पट्टा नाही, तो काट्यांत अडकेल. दोन पट्टे खांद्यावरून पुढच्या बाजूनेच वळवून बगलेखालून आणायचे आणि कमरेपाशी आकड्याला लावायचे. पाठ उघडी. लाजण्यासारखं त्यात काही नाही, देवाने त्यांना पाठीवर दुसरं कापड दिलंय.

शेळीबाईंच्या सदऱ्याची बटणं काढून टाक. खुरांनी बटण कोण लावणार, आणि रोज सकाळी त्यांना शेजारीण बोलवावी लागेल. एका हाताच्या वायरमनसाठी मी लांबट लाकडी बटणं आणि सैल फासे केले होते. तो एक टोक दातात धरायचा आणि क्षणात सदरा बंद. शेळीला दातांचं काय सांगायचं?

कासवमास्तर पोस्टात आहेत म्हणून त्यांना कोट हवा, असं तुमच्या दिग्दर्शकांचं म्हणणं. त्यांना माझा निरोप सांग: घरावर कुणी घोंगडी पांघरत नाही. पाठीला काही नको. पुढे जाकिटाचा तुकडा आणि कवचाच्या काठाला शिक्क्यासाठी खिसा. कॉलर मानेला लावू नका, कवचाला लावा. नाहीतर मास्तर लाजून मान आत घेतील आणि कॉलरही बरोबर आत जाईल, मग ती काढायला पुन्हा तीच शेजारीण.

सगळ्यांच्या काठात केसाएवढी तार शिवून टाक. तुम्ही बोटभर हलवता आणि फोटो काढता, पुन्हा हलवता, असं लिहिलंस ना? तार असली की कापड ठेवलं तिथे राहील.

तुझ्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे. "त्यांनी माझं पत्र दडवलं, बाकी सगळं मी विसरले असते." त्याबद्दल आता लिहीत नाही. पत्र फार लांबलं.

आशीर्वाद.


१३ जुलै

चि. पोरी,

सोबत मुंगसाचा पूर्ण पोशाख, शेळीचा सदरा आणि साळींदरबाईंचा कच्चा एप्रन पाठवते आहे. घालून बघ, कुठे ओढतंय ते कळव. हात दुखतो आहे म्हणून थोडक्यात.

आशीर्वाद.


२० जुलै

पोरी,

हात दुखत नव्हता.

तुझी ती ओळ वाचल्यापासून मी एप्रन तीनदा शिवला आणि तीनदा उसवला. आता सरळ सांगते. ते पत्र साहेबाने दडवलं नव्हतं. मी दडवलं.

तू एप्रनांचा गठ्ठा घेऊन दवाखान्यात गेली होतीस. पोस्टमन अकराच्या सुमाराला आला. पाकिटावर त्या बाहुल्यांच्या कारखान्याचा शिक्का होता. पाकीट मी उघडलं नाही, खरं सांगते, पण आत काय असणार ते कळायला उघडावं लागत नव्हतं. तू त्या कामासाठी चित्रं पाठवली होतीस आणि रोज पोस्टाची वाट बघत होतीस. 'या' असं लिहिलं असेल तर तू जाणार. साहेबाची नोकरी इथली, तो म्हणणार नको जाऊस, तुम्ही भांडणार, आणि तू तरीही जाणार. हे सगळं पोस्टमन फाटकाबाहेर पडेपर्यंत माझ्या डोक्यातून होऊन गेलं. मी पाकीट मशीनच्या खणात ठेवलं, बॉबिनांच्या डब्याखाली. म्हटलं, संध्याकाळी देते.

संध्याकाळी नाही दिलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता दिलं तर काल का दिलं नाही म्हणशील. तिसऱ्या दिवशी तर आणखीच अवघड. अकरा दिवस गेले. तू समोरच्या मशीनवर बसून गाणं गुणगुणत असायचीस, आणि तू बॉबिन मागायला मान वर केलीस की मी खण अर्धाच उघडून ती पटकन काढून द्यायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, माझ्या मनात तर भरदुपारचं ऊन होतं.

बाराव्या दिवशी मी त्याहून वाईट केलं. पाकीट साहेबाच्या कपाटात त्याच्या कागदांत सरकवलं. मनाला सांगितलं, त्याला सापडेल, तो तुला देईल, आणि मी सुटेन. पण विम्याचा कागद शोधायला कपाट तू उघडलंस.

पुढचं तुला माहीत आहे. तू विचारलंस, "हे इथे कसं?" तो म्हणाला, "मला खरंच माहीत नाही." तू म्हणालीस, "कळवायची तारीख परवाच उलटून गेली, आणि म्हणे माहीत नाही!" मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. एवढंच म्हणायचं होतं, "अगं, मी ठेवलं." तीन शब्द. नाही निघाले. मग तू त्या लोकांना स्वतः पुन्हा लिहिलंस, गेलीस, आणि घटस्फोटाचे कागद आले तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

तुमची भांडणं आधीपासून होती हे मला माहीत आहे. त्याच्याआड लपणार नाही. भांडणं होती, पण तू त्याला खोटारडा कधी म्हणाली नव्हतीस. ते मी म्हणवलं.

आणि हे साहेबासाठी केलं असंही समजू नकोस. आपला मुलगा, आपला संसार, असं काही त्या वेळी मनात नव्हतं. तीस वर्षं मी त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून एकटी शिवत होते. तू आलीस, समोर मशीन लावलंस, आणि पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं की हे असंच का कापायचं. मला ते जाऊ द्यायचं नव्हतं. बस. इतकं साधं आणि इतकं आपमतलबी.

हे लिहायच्या आधी साहेबाला सांगितलं. रविवारी, जेवण झाल्यावर. तो ओरडेल असं वाटलं होतं. ताटातली शितं एका कडेला केली. मग म्हणाला, "आई, अडीच वर्षं मी समजत होतो की मीच कुठेतरी ठेवलं असेल आणि विसरलो असेन. मला वाटायचं, तिने जाऊ नये हे माझ्या इतकं मनात होतं, की माझ्या हातून झालं आणि मला कळलंही नाही. मी स्वतःला तपासत बसायचो गं."

तो उठला, ताट धुतलं, जागेवर ठेवलं आणि गेला. काल रविवार होता. आला नाही.

क्षमा कर असं लिहीत नाही. ते मागायचं असतं समोर उभं राहून, आणि तेवढी लायकी असली तर. तुला खरं कळावं म्हणून लिहिलं. कामाचं काय करायचं ते तू ठरव. कापडं परत मागवलीस तरी मी समजेन.


११ ऑगस्ट

पोरी,

तुझं पाकीट आलं. आत पत्र नाही. फक्त अस्वलाची आणि पाणमांजराची मापं, टाचणीने टाचलेली.

माझ्यासाठी तेही खूप झालं. तीन आठवडे मी फाटकाचा आवाज ऐकत होते. मापं हातात घेऊन मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि मग टेबलावर बसले.

तेव्हा कामाचंच लिहिते. अस्वलाचा कोट वर वर चढतो असं मापांखाली लिहिलंयस. कोटाचा दोष नाही, केसांचा आहे. केस खाली वळलेले, अस्तर खरबरीत; प्रत्येक हालचालीला अस्तर केसांना धरून वर सरकतं. गुळगुळीत अस्तर घाल आणि त्याची लव केसांच्याच दिशेने ठेव. मास्तरीणबाईंच्या मांजरावरून मी हात फिरवून पाहिला, आधी सुलट, मग उलट. उलट फिरवल्यावर काय झालं ते सांगत नाही. ते मांजर आता मला बघून जिन्याखाली जातं.

पाणमांजरबाई होडी चालवतात. दिवसातून दहादा पाण्यात उडी. खिशांच्या तळाला दोन दोन छिद्रं कर, काज करतो तशी कडेने विणून. नाहीतर खिशात पाणी भरेल आणि बाई एका बाजूला कलतील.

अंगरखे पुरे करून पाठवते. उत्तर नको. आणखी मापं असली तर पाठव.

साहेब अजून आलेला नाही. त्याच्या खोलीवर मी गेले होते. दार उघडलं, चहा केला, माझ्याशी हवापाण्याच्या गोष्टी बोलला. इतका नम्रपणे बोलला की त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.


२ सप्टेंबर

चि. पोरी,

पत्र मिळालं. चार पानं. एकेक शब्द वाचला.

तू लिहितेस, "मी एका माणसाला खोटारडा म्हणून सोडून आले, आणि तो खरं बोलत होता. हे मला आता आयुष्यभर माझ्याजवळ ठेवायचं आहे. हे तुम्ही माझ्या हातात दिलंत." हो. मी दिलं.

तू लिहितेस, "तुम्ही मला विचारलं असतं की जाऊ नकोस, तर मी काय म्हटलं असतं मला माहीत नाही. पण तुम्ही विचारलंच नाहीत." हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. तोंडाने मागायचं माझ्या कधी मनातच आलं नाही बघ. मागितलं तर नाही म्हणशील ही भीती. न मागता अडकवून ठेवलं तर नकार ऐकावा लागत नाही.

साहेब परवा आला. रविवार नव्हता, मधलाच वार. म्हणाला, "तिचं पत्र आलंय. माफी मागितलीय तिने. मी उलट टपाली कळवलं, की तुझ्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं." मी विचारायच्या आधीच म्हणाला, "आई, लगेच मनात मांडे खाऊ नकोस. आम्ही परत एकत्र येणार नाही. ती तिथे सुखात आहे, मी इथे बरा आहे. पण आता रस्त्यात भेटलो तर तोंड फिरवावं लागणार नाही." मग इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "जेवायला काय आहे?"

पोरी, मी त्या क्षणी रडले नाही. ताट वाढताना रडले, पाठ करून. त्याने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. माझ्याशी अजून पूर्वीसारखा बोलत नाही. बोलेल तेव्हा बोलेल.

आता तुझ्या पत्रातलं शेवटचं. चित्रीकरण पुढच्या आठवड्यात सुरू, सत्तावीस पोशाख बाकी, कारखान्यात एक मशीन रिकामं आहे, आणि "यायचं असेल तर या. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, पण तुमच्याइतकं चांगलं कुणी शिवत नाही." अगं, असं आमंत्रण जन्मात कुणी दिलं नव्हतं. मी येते.

साहेब गाडीत बसवून देणार आहे. स्वतःच म्हणाला.


१९ सप्टेंबर

चि. साहेब,

सुखरूप पोचले हे फोनवर कळवलंच. पण तुला पत्र लिहावंसं वाटलं. फोनवर आपण दोघंही "हं, हं" करतो आणि खरं ते राहून जातं.

कारखाना म्हणजे एक लांबच लांब शेड. मधोमध टेबलांवर अख्खं गाव मांडलंय. गॅरेज, पोस्ट, दवाखाना, घाट. घरं माझ्या छातीपर्यंत येतात. दिव्यांच्या उजेडात सगळे पायात कापडी चपला घालून, कुजबुजत हिंडतात, आणि मी एकटी तेवढी मोठ्याने बोलते असं मला दोनदा सांगण्यात आलं.

पहिल्या दिवशी ती दारात उभी होती. केस कापलेत, बारीक झालीय. मी पिशवी खाली ठेवली आणि समोर उभं राहून जे म्हणायचं होतं ते म्हटलं. तिने ऐकून घेतलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "तुमची खोली दाखवते," म्हणाली आणि माझी पिशवी उचलली.

आठवडाभर आम्ही फक्त कापडाचं बोललो. "इथे थोडं कापड सोडा." "कळी लहान झाली." ती माझी टीप तपासते, बरं का! काल एका बाहीला म्हणाली, "हे उसवा, गाठ दिसतेय." गाठ खरंच दिसत होती. मी निमूट उसवलं. दुपारी तिनेच माझ्या चष्म्याच्या काचा पुसून दिल्या. म्हणाली, "अशा चष्म्याने गाठ काय दिसणार?"

आज दवाखान्यातला पहिला प्रसंग घेतला. साळींदरबाई खाली वाकतात आणि ताप आलेल्या सशाच्या पिल्लाला उचलून कडेवर घेतात. पडद्यावर इवलासा प्रसंग, करायला दिवस गेला. ती आणि आणखी एक मुलगी बाहुलीला केसभर हलवायच्या, बाजूला व्हायच्या, फोटो. पुन्हा केसभर. मी खुर्चीवर बसून बघत होते, एप्रन काट्यांत अडकतो की काय. संध्याकाळी सगळे फोटो एकापाठोपाठ एक लावून दाखवले. साहेब, त्या बाई जिवंत झाल्या. वाकल्या, एप्रन पुढे सुटला, पिल्लाला घेतलं, आणि उभं राहताना एका हाताने एप्रन सारखा केला. ती शेवटची हालचाल आपल्या पोरीने घातली होती. कुणी सांगितलेली नव्हती. तीस वर्षं मी अशीच मशीनवरून उठत आलेय.

मग दिग्दर्शक माझ्याकडे वळून बघत तिला म्हणाले, "ह्यांची ओळख नाही करून दिलीस. ह्या कोण तुझ्या?"

मी मान खाली घालून टेप गुंडाळायला लागले. म्हटलं, अवघड प्रश्न आहे, पोरीला अडचण नको. उठून जावं असंही मनात आलं. तुझ्याबद्दल मी इथे तिला काही विचारलेलं नाही आणि विचारणार नाही, तसंच माझ्याबद्दलही काही ऐकायचं नाही असं ठरवून आले होते.

तिने हातातली टाचणी खाली ठेवली. मग म्हणाली, "माझ्या समोरच्या मशीनवर बसतात."

आणि साहेब, ते ऐकल्यापासून मी पत्र लिहायला बसेपर्यंत तोच एक टेप गुंडाळत होते आणि उलगडत होते. उद्या नऊला काम सुरू. झोपते आता.

आई